मदत हवी आहे : माहिती ढीगभर गोळा झाली, आता डिझाईनला हातच लागेना

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. टेक्सटाईल डिझाईन शिकून आले आणि सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांच्या चादरीच्या कारखान्यात काम करते. मामांनी दिवाळीच्या आधी बाजारात येईल असं एक नवीन डिझाईन मागितलंय. एकच. मोर आणि चौकडीच्या पलीकडचं, पण बघताक्षणी सोलापुरी वाटलं पाहिजे. चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेला हलका माल आजही आपल्याच नावावर खपतो. त्याच्या शेजारी ठेवली तरी आपली चादर उठून दिसावी, ही मामांची तळमळ आहे आणि माझीही.

आधी नीट चौकशी करूया म्हणून चाटी गल्लीतल्या आणि नव्या पेठेतल्या दुकानदारांशी बोलले. नात्यातल्या बायकांना जुन्या ट्रंका उघडायला लावल्या. होस्टेलवरची मुलं, अक्कलकोट-तुळजापूर करून परत जाताना चादर घेणारी मंडळी, सगळ्यांना विचारलं. त्या सगळ्याच्या चिठ्ठ्या आता भिंतीवर आहेत, आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. आज्यांना जड, उबदार चादर हवी. मुलांना बादलीत धुता येईल अशी हलकी. आहेरासाठी घेणाऱ्यांना लाल-हिरवा झगझगीत रंग लागतो, पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात राखाडी असेल तरच घेऊ. पेन्सिल ग्राफवर, म्हणजे नक्षी चौकटीचौकटीनं मांडायच्या कागदावर, टेकवली की यातलं कुणीतरी आठवतं आणि रेघ पुढे जात नाही. कल्पना सुचत नाहीत असं नाही. प्रत्येकाचं म्हणणं मला खरंच पटतं, अडचण तिथे आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एका दुकानात बराच वेळ नुसती उभी राहून बघत होते. चादरी घड्या घालून फळीवर रचलेल्या असतात, बाहेर दिसतो तो काठ आणि कोपऱ्याचा वीतभर तुकडा. गिऱ्हाईक त्यावरच बोट ठेवतं. दुकानदारानं चादर उलगडली की मधलं डिझाईन फार कुणी बघत नाही. कोपरा उलटा करून मागची बाजू बघतात, विणीवरून अंगठा फिरवतात, हातावर तोलून वजनाचा अंदाज घेतात. हे लिहून ठेवलं, पण याचं करायचं काय ते कळलं नाही.

दडपण येण्याचं आणखी एक कारण आहे. आमचे माग अजून कार्डांच्या जेकार्डवर चालतात, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणली जाते. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. एकदा पंचिंग झालं, म्हणजे कार्डांना भोकं पडली की मागे फिरणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही गेले. मागांची देखभाल करणारे जॉबर काका रोज विचारतात, "काय ताई, ग्राफ झाला का?" आणि मी म्हणते, अजून दोन दुकानं बघून येते.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा. बघणं कधी थांबवायचं, हे कसं ओळखता? आणि जे खरं आहे पण या वेळी वापरायचं नाही, ते बाजूला कसं ठेवता?

प्रतिसाद १

ताई, मी इचलकरंजीत डिझाईन करतो, बरीच वर्षं झाली. तुमचा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पडतो.

थांबायचं कधी, तर नवीन माणूस जुनंच सांगायला लागला की. पुढच्या दुकानदाराचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर तिथे जाऊ नका. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं की माणूस सगळे पर्याय तोलत बसत नाही. आपल्या अटींना पुरेसा उतरणारा पहिला पर्याय दिसला की तो घेतो. म्हणून आधी अटी लिहा, दोन-तीनच. भिंतीवरची जी चिठ्ठी त्या अटींत बसत नाही ती फाईलला लावा. ती खोटी ठरत नाही, पुढच्या चादरीची होते.

दुसरं, सगळे निर्णय सारख्या वजनाचे नसतात. रंग आणि कार्ड वेगळे काढा. कार्डं तीच ठेवून सुताचा रंग बदलला की आहेराची लाल आणि पुण्याची राखाडी एकाच डिझाईनमधून निघते. म्हणजे तुमचं अर्धं भांडण ग्राफवर यायलाच नको. जड की हलकी हा प्रश्नसुद्धा आधी सुताचा आणि विणीचा आहे, तो मामांबरोबर बसून एका दुपारी मिटवा. ग्राफवर उरतो फक्त आकार.

आणि आकार कुठून सुरू करायचा ते तुम्हीच लिहिलंय. गिऱ्हाईक काठ आणि कोपरा बघतं ना? मग आधी तेवढाच काढा. पंचिंगच्या आधी खऱ्या मापात कागदावर छापा, जुन्या चादरीच्या कोपऱ्यावर टाचा, घडी घाला आणि ओळखीच्या दुकानदाराला फळीवर ठेवू द्या. लांबून ओळखू येतो का बघा. कागद चुकला तर काय जातं?

धागालेखिका

दादा, मनापासून आभार. रंग आणि कार्ड वेगळे काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "हे आधी का नाही विचारलंस?" अटी दोनच लिहिल्यात : फळीवर लांबून ओळखू यावी, आणि उलटी बाजूसुद्धा वर घालावीशी वाटावी. दुहेरी विणीत, म्हणजे दोन थर एकत्र विणले की, मागे रंग पालटून येतात, त्यामुळे पुढे उठून दिसणारी बारीक नक्षी मागे गडद पट्ट्यात बुडते असं जुन्या नमुन्यांत दिसतंय. काठासाठी नक्षी किती जाड ठेवावी? तुमच्याकडे अशा विणीत कुणी काम केलं असेल तर तेवढं सांगा. कोपरा आज कागदावर काढायला घेते.