‘तर्क’ चुकतो की ‘तर्कदोष’ होतो?

प्रश्न, इंदूरहून
पुतणी तत्त्वज्ञान शिकते, हिंदी माध्यमातून. परवा वही पुढे करून म्हणाली, “आत्या, बघ, हा तर्कच गलत आहे.” माझी आई म्हणाली, “तर्कच तो, चुकायचाच कधीतरी.” हिंदीतला तर्क म्हणजे मांडलेलं कारण, मराठीतला म्हणजे बांधलेला अंदाज. आम्ही इंदूरकर मात्र बिनदिक्कत ‘तर्क दिला’ म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे बुचकळ्यात पडतात.

वहीतलं उदाहरण असं: पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. आमच्याकडे रात्री महापालिकेच्या गाड्या रस्ते धुऊन जातात. पहाटे रस्ता ओला आणि आभाळ कोरडं. या चुकीला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद
मांडणीला ‘युक्तिवाद’, त्यातल्या चुकीला ‘तर्कदोष’. ‘खोटा युक्तिवाद’ मात्र कृपया म्हणू नका. खरं-खोटं विधान असतं. अनुमान वैध किंवा अवैध: आधीची विधानं खरी धरली की निष्कर्ष खरा ठरलाच पाहिजे, तर ते वैध. त्या रात्री खरोखरच पाऊस पडला असला, तरी अनुमान अवैधच राहतं.

प्रतिसाद
‘हेत्वाभास’ हा जुना शब्द विसरू नये. हेतू म्हणजे इथे उद्देश नव्हे, अनुमानासाठी दिलेलं कारण. खरा हेतू नव्हे, पण हेतूसारखा भासतो तो हेत्वाभास. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शन या तर्कशास्त्रीय परंपरेच्या मूळ ग्रंथात, याचे 5 प्रकार आहेत. तुमचा ओला रस्ता ‘सव्यभिचार’ प्रकारात बसतो, कारण जे सिद्ध करायचं ते नसतानाही हा हेतू हजर असतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे चालतं. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चालत नाही: लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, ‘उपाधी’ म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण चूक कुठे शिरली त्या जागेवरच तो बोट ठेवतो.

पण सगळ्याच अवैध अनुमानांना हेत्वाभास म्हणू नये, आणि उलटही नाही. ‘अग्नी थंड असतो, कारण तो द्रव्य (पदार्थ) आहे’ हा ‘बाधित’ हेत्वाभास. तिथे हात लावताच चटका बसतो आणि वाद मिटतो. दोष युक्तिवादाच्या नुसत्या आकाराचा, म्हणजे मांडणीचा नाही.

पुन्हा इंदूरहून
आभार. काल शेगडीवर भुट्टे भाजताना आईला दाखवलं. निखारे फुललेले, धुराचा पत्ता नाही. भुट्ट्याचं एक हिरवं साल आत पडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. “ही तुझी उपाधी!” आई म्हणाली.

‘सव्यभिचार’ म्हणायला पुतणी आजीसमोर लाजत होती. आईच म्हणाली, “अगं, गीतेच्या तेराव्यात नाही का, ‘भक्तिरव्यभिचारिणी’? आपली जागा सोडून इकडेतिकडे न जाणारी. तुझा हेतू जातो, एवढंच.”