डाग पडलेल्या केळाने कॅन्सर बरा होतो म्हणे, आबांना कसं समजावू?

रावेरकर: आमच्या आबांना जिभेचा कॅन्सर निघालाय, डॉक्टरांनी ऑपरेशन आणि मग शेक (रेडिएशन) सांगितलाय. त्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर मेसेज आला की काळे ठिपके पडलेल्या केळात टीएनएफ नावाचं प्रथिन असतं आणि ते कॅन्सरच्या पेशी मारतं, जपानी शास्त्रज्ञांचा शोध. घरचीच बाग आहे, आबा रोज सहा-सात केळी खाताय, वरून शुगर, आणि म्हणता ऑपरेशन महिनाभर पुढे ढकल. "जपानना लोके सांगी राह्यनात, मंग खोटं शे का?" मी कॉमर्सवाला, मला यातलं काही कळत नाही पण मन मानत नाहीये. असं खरं-खोटं ओळखायचं कसं?

लॅबवाली_धुळे: दादा, ऑपरेशनची तारीख अजिबात हलवू नका, हे आधी. हा मेसेज फसवतो कारण त्याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. 2009 साली जपानच्या तेइक्यो विद्यापीठातल्या लोकांनी केळाचा अर्क उंदरांच्या पोटात इंजेक्शनने सोडला आणि पांढऱ्या पेशींवर काय परिणाम होतो ते बघितलं, बस. कॅन्सरच्या पेशंटला केळी खाऊ घालून तपासलेलं त्यात काहीच नाही. आणि टीएनएफ केळात नसतंच, ते प्रथिन आपल्याच शरीरातल्या पेशी बनवतात. मी कुठलाही दावा आला की बघते, प्रयोग माणसावर झाला की उंदरावर, आणि ती वस्तू तोंडाने दिली की सुईने. आबांना तेवढंच विचारा.

केळीबाग_यावल: ठिपके म्हणजे केळ पिकत चाललं, दुसरं काही नाही, आतला स्टार्च साखरेत बदलतो म्हणून तर ते गोड लागतं. शुगरवाल्याला सहा-सात म्हणजे फारच झालं भाऊ. खरं सांगू, हा मेसेज मी पण पुढे पाठवलेला, आपल्या मालाची तारीफ होती म्हणून तपासावंसंच वाटलं नाही. त्याचं आज फार वाईट वाटतंय.

नंदुरबारकर: अजून एक, आता कोणी पावडर-काढा घेऊन दारात आलं तर सावध राहा, आजारी माणसाच्या घरचा पत्ता यांना बरोबर लागतो. कॅन्सर, डायबेटिस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या काकूचे चार महिने अशा एका पावडरीत गेले, तोवर गाठ वाढली होती.

रावेरकर: सगळ्यांचे आभार. रात्री आबांजवळ बसून ताईंचं उत्तर वाचून दाखवलं. उंदराचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणे "माणसाला दिलंच नाही का?" काकूंचं पण सांगितलं. तारीख तीच ठेवलीय, मंगळवारी निघतोय. ताई, ऑपरेशननंतर गिळता येत नाही म्हणतात, तेव्हा शुगरवाल्याला काय देता येईल हे कोणाला विचारू, सर्जनला का आहारवाल्या मॅडमला?