अनुभव धागा : शिकत असताना गटाने पाहिलेली परदेशातली जुनी तीर्थं, आणि तिथे भेटलेलं घरचं काही

सावंतवाडी, बी.ए. इतिहास

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजचे 22 जण आणि दोन शिक्षक श्रीलंकेला जाऊन आलो. आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय बघितलंस?" मी ठिकाणांची नावं सांगते आणि गप्प होते. मला सांगायचं असतं ते त्या नावांत मावत नाही. एवढ्या लांब गेल्यावर मध्येच आपल्या घरातलं, आपल्या वाडीतलं काहीतरी समोर येऊन उभं राहतं, त्याबद्दल बोलायचं असतं. म्हणून हा धागा काढतेय. कोकणपट्टीतल्या ज्या मुलामुलींनी शिकत असताना गटाने परदेशातलं एखादं प्राचीन किंवा पवित्र ठिकाण पाहिलं असेल, त्यांनी लिहा. धर्म कुठलाही चालेल, चार ओळीही चालतील. सुरुवात मी करते.

सावंतवाडीहून मुंबई गाठायला अख्खी रात्र गेली आणि मुंबईहून कोलंबो अडीच तासांत आलं. हा हिशोब अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

अनुराधपुरात पहाटे महाबोधी वृक्षापाशी गेलो. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा हा पिंपळ. माणसाने लावलेलं आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून याचं नाव घेतात. मी मनात प्रचंड बुंधा धरून गेले होते. प्रत्यक्षात मूळ झाड वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड, आणि त्याच्या बारीक फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. म्हाताऱ्या माणसाला दोन्हीकडून धरून बसवावं तसं. खाली वाळू, अनवाणी पायांना गार लागणारी. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका कमळं घेऊन बसलेल्या. वाऱ्याने एक पान गळलं. माझ्या शेजारच्या आजींनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकात बांधलं. आमच्या गावच्या देवराईत पडलेलं लाकूडसुद्धा कुणी घरी नेत नाही. रीत अगदी उलटी, पण हात जोडायची पद्धत तीच.

पोलोन्नरुवाबद्दल मात्र अजून वाईट वाटतं. ज्या टूरवाल्यांकडून आम्ही गेलो, त्यांनी रत्नांच्या दुकानात दोन तास थांबवलं आणि गल विहाराला जेमतेम अर्धा तास ठेवला. आम्हा मुलांपैकी कुणाच्याच खिशात रत्नं घ्यायचे पैसे नव्हते. सर ड्रायव्हरशी बोलले तेव्हा आणखी 20 मिनिटं मिळाली, आणि माझ्यासाठी अख्ख्या सहलीतली तीच 20 मिनिटं सगळ्यांत मोठी. बाराव्या शतकात, पराक्रमबाहूच्या काळात, एकाच खडकात कोरलेल्या या मूर्ती. निजलेला बुद्ध सुमारे 14 मीटर लांब. सगळे चेहऱ्याचे फोटो काढत होते. मॅडमनी मला उशी दाखवली. डोकं टेकलंय तिथे दगडी उशी किंचित दबलीय. खरोखर दबलीय! मग पायांकडे नेलं. वरचं पाऊल खालच्या पावलापेक्षा जरासं मागे सरकलेलं आहे. झोपलेल्या माणसाची पावलं जुळलेली असतात, हे महापरिनिर्वाण आहे, असं त्या हळूच म्हणाल्या. माझे आजोबा गेले तेव्हा मी खोलीत होते. त्या पावलांपुढे मी बराच वेळ उभी राहिले.

खाण्याचं लिहिलं नाही तर आज्जी रागावेल. सकाळी ताटात शिरवाळे आले! तिकडे त्यांना इंदिआप्पा म्हणतात. बरोबर ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. माशाच्या कालवणात गोरका नावाचं सुकवलेलं आंबट फळ घालतात, ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. मी आज्जीला फोन लावला, तर तिचा पहिला प्रश्न, "शिरवाळे थंय पण करतत? मगे रस कसलो?" गुळाच्या रसाशिवाय तिखटाबरोबर खातात हे तिला अजून पटलेलं नाही.

आणि शेवटचं. परतीच्या बसमध्ये सरांनी महावंस या श्रीलंकेच्या जुन्या इतिहासग्रंथातली गोष्ट सांगितली. विजय नावाचा राजपुत्र सातशे साथीदारांसह जहाजातून लंकेला निघाला, त्याआधी तो एका बंदराला लागला होता. त्या बंदराचं नाव सुप्पारक, म्हणजे आपलं वसईजवळचं सोपारा. सरांनी विचारलं, तुमच्यातलं सोपाऱ्याला कोण कोण गेलंय? 22 जणांत एकही हात वर झाला नाही. मला ते फार लागलं.

वसई, एम.एस्सी.

ताई, मी सोपाऱ्यापासून अर्ध्या तासावर राहतो. तिथल्या बुरुड राजाच्या कोटात पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये स्तूप खणून काढला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात त्याच वर्षी मिळाला आणि नवव्याचा 1956 मध्ये भुईगावला. भुईगाव म्हणजे माझ्या मावशीचं गाव, आणि तिच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

माझा अनुभव जपानचा. विद्यापीठातल्या 14 जणांच्या गटातून गेलो होतो. नारा इथल्या तोदाइजीचा महाबुद्ध पाहिला. 752 मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला, हे तिथे कळलं. पण मला जायचं होतं नागासाकीला. मोकळ्या दिवशी परवानगी काढून आम्ही तिघे गेलो.

स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर निशिझाका टेकडी आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तिथे 26 ख्रिस्ती माणसांना क्रुसावर मारलं. त्यांतला एक आमच्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. जपानी भाषा शिकून तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषा झाला होता. या लोकांना क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात पायी चालवत आणलं होतं. 1862 मध्ये गोन्सालोला संतपद मिळालं. आमच्या किल्ल्यात दरवर्षी त्याच्या सणाची मिस्सा होते, मी लहानपणापासून आयबरोबर जातो. पण माझ्यासाठी तो सणाचा, मंडपाचा, नव्या कपड्यांचा संत होता.

टेकडीवर दगडी भिंतीत 26 ब्राँझच्या आकृती ओळीने उभ्या आहेत. जवळ गेल्यावर दिसलं, पावलं कुठेच टेकलेली नाहीत, बोटं खाली झुकलेली आहेत. मी दोन वेळा ओळ मोजली. शेजारी एक जपानी बाई मेणबत्ती लावत होत्या. मी गोन्सालोचं नाव घेतलं आणि छातीवर हात ठेवून "वसई, वसई" म्हणालो. त्यांना काय समजलं असेल ते असो, त्यांनी आपल्याकडची दुसरी मेणबत्ती माझ्या हातात दिली. मी तिथूनच आयला व्हिडिओ कॉल केला. आय काहीच बोलली नाही, क्रुसाची खूण केली आणि डोक्यावर पदर घेतला.

लांजा, वास्तुकला, चौथं वर्ष

2023 मध्ये आमच्या वर्गाची अभ्याससहल कंबोडियाला गेली. अंगकोरचा तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा, विद्यार्थ्यांना सवलत नाही. घरून जास्तीचे पैसे मागवावे लागले, हे जाणाऱ्यांनी आधीच धरून चला.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं, आणि ते पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे पहाटे सगळी गर्दी समोरच्या तळ्याकाठी, देवळामागून उगवणारा सूर्य टिपायला. मीही गेलो होतो. पण बाहेरच्या तटातून आत शिरतानाच माझा पाय अडखळला होता, कारण तो तट जांभ्याचा होता.

माझ्या काकांची चिरेखाण आहे. आमच्याकडे घराची भिंत जांभ्याची, विहीर जांभ्याची, गडगा जांभ्याचा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला नि मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि ऊनवारा लागला की घट्ट होत जातो. तो लाल-तपकिरी रंग, ती आरपार भोकं, भोकांच्या आत पिवळट माती, पावसाळ्यानंतर वर चढलेलं काळं शेवाळ, हे सगळं मी डोळे मिटून ओळखेन. पुस्तकांत मी 'लॅटराइट' हा शब्द दहा वेळा वाचला होता. तो म्हणजे आपला चिरा, हे डोक्याला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. तटाला तळवा लावला आणि तो खरखरीतपणा लागला तेव्हा अंगावर काटा आला.

कोरीवकाम सगळं वालुकाश्मात आहे, कुलेन डोंगरातून आणलेल्या. जांभ्यावर बारीक नक्षी उठत नाही, म्हणून तो तटाला, पायाला, खंदकाच्या पायऱ्यांना. खंदक 190 मीटर रुंद! समुद्रमंथनाचा पट वालुकाश्मातला, जवळजवळ 50 मीटर लांब, वासुकीला ओढणारे देव-दानव एका तालात. सगळे तो पाहतात, पाहायलाच हवा. पण त्याचा भार खाली कोण पेलतंय, हे मला काकांना सांगायचं होतं. त्यांना मी तटाचे 40 फोटो पाठवले. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ह्या चिऱ्यात कडेला खोबणी कसल्या?" ती उचलताना खुंट्या बसवायची भोकं. आमच्या सरांनाही आधी ती दाखवावी लागली होती.

गुहागर, बी.ए.

नेपाळ, 18 जणी. काठमांडूत मी तापाने पडले, पशुपतिनाथ राहिलं. पण लुंबिनीला उभी राहू शकले. ब्राह्मी लिपीची कार्यशाळा नुकतीच झाली होती, म्हणून अशोकाच्या स्तंभाजवळ बसून अक्षरं लावू लागले. राज्याभिषेकाला 20 वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मला म्हणून गावाचा बळी हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असा तो लेख. मला सगळा कुठला वाचता येतोय! पण 'लुंमिनिगामे' एवढं लागलं. गामे. गावात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा तो 'गाम' आणि आमचा 'गाव' यांत एकाच अक्षराचं अंतर आहे.

ठाणे, मूळ गाव अलिबाग तालुक्यात

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावपाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा आहे. ते तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आमची आडनावं दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरूनच.

2019 मध्ये तरुणांच्या गटातून जेरुसलेमला गेले. निघताना आजीने घडी घातलेला कागद दिला, ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या फटीत ठेवायला. वाचायचा नाही असं बजावलं होतं. बायकांच्या बाजूला गर्दीत पुढे सरकले. फटींमध्ये शेकडो चिठ्ठ्या. आजीची बसेना म्हणून परत घडी घालायला उघडावी लागली. मी मजकूर वाचला नाही, पण अक्षर दिसलं. देवनागरी, तिच्या वळणाचं, वर रेघ लांब ओढलेली. ती ठेवली आणि तिथेच रडायला आलं. नंतर एका गावात मराठी बोलणाऱ्या आजी भेटल्या. त्यांनी आम्हाला मलिद्याचे पोहे खायला घातले, खोबरं आणि साखर घातलेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अलिबागला पाऊस कसा झाला?"

म्हसळा, बी.कॉम.

वरचं वाचून लिहायचा धीर झाला. सुट्टीत आमच्या मोहल्ल्यातली सात मुलं एका गटाबरोबर उमऱ्याला, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज करतात त्या मक्केच्या यात्रेला गेलो. आजोबा हजला मुंबईहून बोटीने गेले होते. ती बोट 1995 नंतर बंद झाली. आम्ही काही तासांत जेद्दाला उतरलो.

काब्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. सईबद्दल लिहितो. सफा आणि मर्वा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालायच्या, एक फेरी साधारण 450 मीटरची. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत याच वाटेने धावल्या होत्या. आता तिथे गार संगमरवर आहे, पंखे आहेत. तरी चौथ्या फेरीला माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या, आणि मला आई आठवली. आमच्याकडे पावसात घराच्या पायरीपर्यंत पाणी येतं आणि मे महिन्यात विहीर तळाला जाते. मी लहान असताना आई दुपारच्या उन्हात दोन हंडे घेऊन खालच्या वाडीपर्यंत जायची, पाणी नाही मिळालं तर पुढच्या वाडीला. मी ओट्यावर बसून वाट बघायचो. उरलेल्या तीन फेऱ्या मी काय दुआ मागितली ते सांगत नाही.

जमजमचा, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीच्या पाण्याचा, पाच लिटरचा कॅन घरी आणला. आईने तो वाटी वाटी करून मोहल्ल्यातल्या 11 घरांत दिला, आणि वाटेवरच्या शिंदेकाकूंनाही.

वसई, एम.एस्सी.

सावंतवाडीच्या ताई, नुसतं वाईट वाटून घेऊ नका. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी या. नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरा, मी तिथे उभा राहीन. रिक्षावाल्याला स्तूप म्हटलं की कळतं. सकाळी लवकर या, नंतर ऊन होतं. दुपारी भुईगावला मावशीकडे जेवू.

सावंतवाडी, बी.ए. इतिहास

येतो आहोत. 22 पैकी 13 जणांनी नावं दिलीत, मॅडमही येतायत. लांज्याचे दादा, तुम्ही काकांना घेऊन येणार का? जागा आहे. आज्जीने आपलं नाव स्वतःच घातलंय. ती विचारतेय, थंय बसाक सावली आसा काय?