'डेम्लो' हा शब्द नेमका कुठला?

पुतणीच्या वहीत नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग काढलेला दिसला, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ आणि बाजूला लिहिलंय 'डेम्लो संख्या'. आता हे डेम्लो कोण? मला वाटलं कुणी इटालियन गणिती असणार. शब्दकोशात काही सापडलं नाही.

>> इटली कुठली, डोंबिवली! देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, तेच ते ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले, त्यांना ही कल्पना सुचली जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनात आणि स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून संख्येला पण डेम्लो नाव देऊन टाकलं. गंमत अशी की मधला ९ बाजूला ठेवा आणि डावीकडचे आठ आकडे नि उजवीकडचे आठ आकडे यांची बेरीज करा, १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधे ९ आधीच बसलेला. १२३२१ ला पण तसंच, १२ + २१ = ३३ आणि मधे ३. दहा एकं घेतलीत तर मात्र हातचा येतो आणि सगळा डौल जातो, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, चढताना ८ गायब.

>> नऊ एकांच्या वर्गाची ही संख्या हर्षद पण आहे बरं का, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी. हर्षद हे कुणा माणसाचं नाव नव्हे, तोही कापरेकरांचाच शब्द, हर्ष देणारी ती हर्षद, जसं सुखद, जलद (ढग या अर्थी). अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. बघा, इथेपण ८ नाहीच!

>> पण ही वाचायची कशी? कोटीपर्यंत जीभ चालते, पुढे बोंब. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातली नावं लावली तर उजवीकडून सतरावं स्थान 'मध्य', म्हणजे मध्य बसलाय डाव्या टोकाला आणि खरा मधला ९ अर्बुदाच्या घरात. भास्कराचार्यांपुढे कोण बोलणार.

>> धन्यवाद सगळ्यांना. अहो मी रोज डोंबिवलीलाच लोकल पकडतो, तिथे खिशातला रुमाल काढायला हात हलत नाही, वर्ग कसले काढतोय! बरं, लिंग कोणतं धरायचं? 'तो डेम्लो' म्हटलं तर पुतणी हसते, संख्या म्हणून 'ती' म्हणायचं ना?