मुलांच्या शिक्षणासाठी दिलेलं, घेतलेलं, अडलेलं : तुमचे अनुभव सांगा

धागा काढणारी, विद्यार्थिनी

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गात मुलांना वाचन आणि गणित शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच देणगीच्या टेबलावर बसते. ही दोन्ही कामं एकाच वेळी करत असल्यामुळे एक गोष्ट फार जाणवते. शाळा सुरू व्हायच्या सुमारास दप्तरं ठेवायला जागा पुरत नाही. आणि वर्षाच्या मध्यावर एखादा मुलगा यायचा बंद झाला, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करायला माणूस मिळत नाही. दप्तर देणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. पण देणाऱ्याला जे द्यायला आवडतं आणि शिकणाऱ्याचं जिथे अडतं, या दोन जागा फार क्वचित एक असतात, असं माझं मत होत चाललंय.

टेबलावर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "एखादं गरीब पण हुशार मूल असेल तर सांगा, पूर्ण खर्च करतो." माझ्या वर्गात असं एखादंच मूल आहे. तिच्यासाठी तीन जण विचारून गेले. बाकीची मुलं गरीब आहेत आणि अभ्यासात साधारण आहेत. काही तर पाचवीत असून जोडाक्षरं आली की थांबतात. त्यांच्यासाठी कुणी विचारत नाही. श्रीमंत घरातल्या साधारण मुलाला साधारण असण्याची मुभा असते, शिकवणी लागते, दुसरी संधी मिळते. गरीब मुलाने मात्र मदतीला पात्र ठरायला आधी पहिला नंबर काढायचा.

ज्यांनी दिलंय, घेतलंय, शिकवलंय, हिशेब ठेवलेत अशा सगळ्यांनी लिहा. मुलांची आणि संस्थांची नावं मात्र टाळा.

त्या टेबलाच्या पलीकडचा

माझं शिक्षण एका दात्याच्या पैशावर झालं. आज मी अभियंता आहे, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही असं घरचे म्हणतात. तक्रार नाहीच, पण आतून ते कसं दिसतं ते लिहितो.

वर्षातून दोनदा पत्र लिहावं लागे. मजकूर फळ्यावर लिहून दिलेला असायचा : मी खूप अभ्यास करतो, मोठेपणी डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करीन. आमच्या वर्गातले झाडून सगळे डॉक्टर होणार होते. एकदा देखरेखीला कुणी नव्हतं, तेव्हा मी खाली दोन ओळी घुसडल्या की या वेळी गणितात नापास झालो. उत्तर येईपर्यंत पोटात गोळा. आलं ते असं : कोणत्या धड्यात अडतं? मी लिहिलं, अपूर्णांक. पुढच्या पाकिटात त्यांनी स्वतःच्या हाताने आखलेले कागद होते, पट्ट्यांचे तुकडे करून अर्धा, पाव, एक अष्टमांश दाखवलेले. पैशाबद्दल मी त्यांचा ऋणी आहेच. पण त्या कागदांमुळे मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या अभ्यासात कुणाला तरी रस आहे, नुसत्या निकालात नाही.

दुसरी गोष्ट अटीची. टक्के घसरले की मदत बंद, असं लेखी होतं. त्याचा परिणाम काय होतो हे अट घालणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुलं सोपे विषय निवडतात. मला संस्कृत घ्यायचं नव्हतं, चित्रकला घ्यायची होती. पण संस्कृतात गुण पडतात, म्हणून ते घेतलं. आजही मला हात मोडून बसल्यासारखं वाटतं.

आणि फी वेळेवर भरलेली असायची, पण परीक्षेच्या फॉर्मचे पैसे, प्रयोगवही, सहलीची वर्गणी, ओळखपत्राचा फोटो हे कुणाच्याच यादीत नसायचं. नाचक्की होते ती तिथे.

निवृत्त शिक्षिका

वरचं वाचून खूप बरं वाटलं रे. आमच्या शाळेत कपाट भरून कंपासपेट्या होत्या. एकेका मुलाला वर्षात तीन-तीन मिळायच्या, कारण ती द्यायला सोपी, दिसायला छान.

मला आठवते ती चौथीतली एक मुलगी. उतरवून घेताना सगळं चुकायचं, म्हणून 'लक्ष नाही' असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं होता. डोळे तपासायला नेलं तर तिला फळाच दिसत नव्हता. एका पालकाने चष्म्याचे पैसे दिले. पण पुढची गंमत ऐका, ती चष्मा लावेना. मुलं चिडवतात, आणि आजी म्हणते चष्म्याने डोळे आणखी बिघडतात. मग मी वर्गात जाताना माझा चष्मा मुद्दाम सगळ्यांसमोर पुसायचे, तिला माझा घालून बघू द्यायचे, घरी जाऊन आजीशी बोलायचे. चष्मा नाकावर टिकायला एक सत्र गेलं. पैसे देणाऱ्या गृहस्थांच्या दृष्टीने काम पहिल्याच दिवशी संपलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. पण वस्तू पोचली म्हणजे मदत पोचली असं नसतं, मध्ये कुणीतरी लागतं.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

बाई, तुमच्या चष्म्याचा अनुभव अभ्यासातही दिसतो. चीनच्या गान्सू प्रांतात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देऊन पाहिलं. ज्यांनी लावले त्यांचे गुण वाढले, पण देऊ केलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांनी ते घेतलेच नाहीत.

धाग्यातल्या 'गरीब पण हुशार' या मुद्द्यावर आणखी एक. १९९० च्या दशकात केनियाच्या पश्चिम भागात मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवून त्यांची तुलना न मिळालेल्या शाळांशी केली. तिथे कित्येक मुलांत मिळून एक पुस्तक अशी स्थिती होती, त्यामुळे फरक पडणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. सरासरी गुणांत फरक पडला नाही. जी मुलं आधीच पुढे होती फक्त त्यांना फायदा झाला. कारण साधं होतं : पुस्तकं इंग्रजीत, आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा. मागे पडलेल्या मुलाला पुस्तक मिळालं, पण ते उघडता येईना.

उलट उदाहरण मुंबई आणि वडोदऱ्याचं. 'प्रथम' संस्थेने तिथल्या शाळांत तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायला त्याच वस्तीतल्या, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुली नेमल्या. त्यांना बालसखी म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं, २००७ साली निबंध छापून आला. गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तळातल्या मुलांना. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रकारच्या कामाबद्दल.

दरमहा देणारा

माझा अनुभव फार रंजक नाही. पगार झाला की बँकेतून आपोआप रक्कम जाते. आधी वर्षाला एकदम द्यायचो, संस्थेतल्या एका ताईंनी सांगितलं की थोडं द्या पण दर महिन्याला द्या. कारण विचारलं नाही, बदल केला. भेटायला गेलेलो नाही, जायची इच्छाही नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, एवढंच आईने शिकवलं.

एका न्यासाचा हिशेबनीस

दरमहावाल्या भाऊंना कारण मी सांगतो. एकरकमी देणगीवर कपाट घेता येतं, शिक्षिका नेमता येत नाही. पुढच्या वर्षी पैसे येतीलच याची खात्री नसेल तर कोणत्या तोंडाने एखाद्या मुलीला म्हणायचं की बाई, दुसरी नोकरी सोड आणि इकडे ये? दरमहा येणाऱ्या लहान रकमांवर पगार उभा राहतो.

आता माझं दुखणं. दात्यांचा पहिला प्रश्न, "प्रशासकीय खर्च किती टक्के?" प्रश्न रास्त आहे. पैसा खाणारे लोक असतात, मी पाहिलेत. पण शिक्षणाच्या कामात माणूस हेच मुख्य साधन आहे. झाड लावायच्या मोहिमेत रोपाला पैसे लागतात हे कुणी नाकारत नाही, आमच्याकडे मात्र शिकवणाऱ्याचा पगार 'वरखर्च' समजला जातो. त्यातून सुरू होतं ते राखीव देणग्यांचं प्रकरण. 'ही रक्कम फक्त वह्यांसाठी.' लेखी आलं की ती रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही, आणि वळवूही नये. मग वर्षअखेरीला ताळेबंदात वह्यांच्या निधीत शिल्लक आणि शिक्षिकेचे दोन महिने थकलेले, असा चमत्कार होतो. लेखापरीक्षकाला हे समजावून सांगताना मला घाम फुटतो. देणगीच्या फॉर्मवर 'संस्थेला योग्य वाटेल तिथे' असा रकाना असतो, बहुतेक सगळीकडे असतो. त्यावर खूण करा आणि वर्षाने ताळेबंद मागवून तो खरोखर वाचा. असं करणारा दाता मला दहापट आवडतो.

फोटो मागणारा (म्हणजे मीच तो)

सगळे फोटोवाल्यांना झोडपतील त्याआधी लिहितो. मला पावती नको असते, चेहरा पाहायचा असतो. पैसे मोठ्या यंत्रणेत जाऊन गडप होतात असं वाटतं. एका मुलाचा हसरा फोटो आला की पुढच्या वर्षी द्यायचा हुरूप येतो. यात एवढं काय वाईट?

धागा काढणारी, विद्यार्थिनी

काका, हुरूप खरा आहे आणि तो टिकायला हवा, हे मान्य. पण आमच्या वर्गातल्या एका मुलीचा दप्तर घेतानाचा फोटो तिच्या शाळेतल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचला. तोपर्यंत तिच्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं की तिला मदत मिळते. त्यानंतर तिने ते दप्तर आणलं नाही, जुनंच आणते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे, आणि बारावं सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घ्यावं. आम्ही आता दात्यांना मुलाने लिहिलेली एखादी गोष्ट किंवा काढलेलं चित्र पाठवतो, तेही त्याला विचारून, नावाशिवाय. काही मुलं चक्क नाही म्हणतात. त्यांचा मला अभिमान वाटतो.

एक आई

माझ्या दोन मुलींपैकी थोरलीचा खर्च एक संस्था करते. नियम एका घरातून एकच मूल. धाकटी विचारते, मी काय केलं? थोरली तिला स्वतःची पुस्तकं वाचून दाखवते आणि दोघी एकाच दिव्याखाली बसतात. संस्थेचे आभारच आहेत. पण नियम करणाऱ्यांनी एकदा घरात येऊन बसावं.

मूळ मुद्द्याशी असहमत

दान-धर्माच्या गप्पा चालू द्या, पण १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या सव्विसाव्या कलमात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं असं लिहिलंय. ते हक्क म्हणून लिहिलंय, कृपा म्हणून नाही. तुम्ही वर्ग चालवता म्हणून शाळेला जाब विचारणारं कुणी उरत नाही.

निवृत्त शिक्षिका

बरोबर आहे तुमचं. पण आज पाचवीत असलेली मुलगी जाब विचारून होईपर्यंत दहावीला पोचते. दोन्ही करायला कुणी अडवलंय? मी निवृत्तीनंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना जाऊन बसते आणि मुख्याध्यापकांना नकोसे प्रश्न विचारते. हेही दानच समजा, वेळेचं आणि जिभेचं.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

पलीकडच्या दादांच्या पत्रांवर एक राहिलं होतं. एका मुलाला एक दाता जोडून देण्याच्या पद्धतीवर बरीच टीका होते, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली होती. लहानपणी असा आधार मिळालेल्यांनी सुमारे एक ते दीड वर्ष जास्त शालेय शिक्षण घेतलेलं आढळलं. तेव्हा पत्राचा मजकूर फळ्यावरून उतरवलेला असला तरी पद्धत अगदीच टाकाऊ नाही.

त्या टेबलाच्या पलीकडचा

टाकाऊ कसली? मी त्याच आकड्यांत आहे बहुधा! फक्त फळा पुसा, एवढंच म्हणतोय.

नवीन वाचक

मी नोकरी करतो, आठवड्यातून दोन संध्याकाळ मोकळ्या आहेत. शिकवायचा अनुभव शून्य. पैसे द्यावेत की वेळ?

धागा काढणारी, विद्यार्थिनी

दोन्ही जमत असेल तर उत्तमच. वेळ देणार असाल तर पहिल्याच दिवशी संस्थेला सांगा की अमुक महिन्यापर्यंत नक्की येईन, आणि मुलांनाही तेच सांगा. आमच्याकडे नवीन ताई-दादा आला की मुलांचा पहिला प्रश्न "नाव काय" नसतो, "किती दिवस येणार" हा असतो. परीक्षा आली की आम्ही कॉलेजवाले गायब होतो, हे त्यांना पाठ झालंय. ठरलेल्या मुदतीपर्यंत येणारा साधा माणूस त्यांना चालतो. अधूनमधून उगवणारा उत्साही माणूस नाही चालत.

आणि वर्ग मागू नका, दोन-तीनच मुलं मागा, मागे पडलेली. इयत्ता विसरा. एक सोपा परिच्छेद वाचायला द्या. नाही जमला तर वाक्य, नाही तर शब्द, नाही तर अक्षर. जिथे जमतं तिथून सुरुवात करा. पाचवीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक मात्र सगळ्यांसमोर देऊ नका, कव्हर घालून द्या. कव्हरचा कागद आमच्याकडे भरपूर पडलाय, कुणीतरी गठ्ठाच दिलाय.