मामा तलावाच्या सांडव्याखाली लेआउट पडलं, हरकत कशी घ्यावी?

धानवाला: आमचा गाव तालुक्याचा, भंडारा जिल्हा. आता नगरपंचायत झाली. वरच्या अंगाला जुना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे. सांडव्याचं पाणी जिथून उतरते तिथंच लेआउट पडलं. मुरूम टाकून जागा उंच केली, नाल्याच्या जाग्यावर हातभर रुंदीची सिमेंट नाली. मागच्या पावसाळ्यात रातभर झड लागली तर खालच्या मोहल्ल्यात चुलीपर्यंत पाणी. विचारलं तर म्हणतात, हवामान बदललं, आम्ही काय करणार! विकास आराखड्यावर हरकती मागवल्या आहेत. काय लिहू?

राजा_लाखनी: मोठा पाइप मागा ना भाऊ. विषय संपला.

जुना_पटवारी: पाइपानं नाही होत बाप्पा. तलाव भरून वाहते तेव्हाच सांडवा चालते, आणि नेमकं तेव्हाच बेशरमाच्या फांद्या अन् पन्न्या पाइपाच्या तोंडात बसतात. उघडा नाला मागा, रुंद, दोन्ही काठ मोकळे.

पण नुसतं "पाणी शिरते" लिहाल तर फाइलीत पडून राहील. तहसीलमधून गावाचं निस्तार पत्रक (गावच्या मोकळ्या जमिनीच्या सामाईक वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) यांच्या नकला काढा. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, गेली 1951 मध्ये, पण तलावाचं पाणी, वहिवाट, मासेमारी यांचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवायचे असतात. जमीन महसूल संहिता 1966, कलम 161 आणि 165. भूमी अभिलेखमधून जुना गाव नकाशाही घ्या. त्यात नाला दिसत असेल तर लेआउटच्या नकाशावर ठेवून लाल पेनानं ओढा आणि हरकतीला जोडा. साहेब लोकांना नकाशा लवकर समजते.

नागपूरचं उदाहरण द्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार-पाच तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी. एवढा पाऊस आता येणारच असं धरून चाला. म्हणून तर पाण्याची वाट मोकळी पाहिजे. "हवामान बदललं" हे नाला बुजवण्याचं कारण कसं काय होते, मला तरी समजलं नाही.

गाळ काढायची मागणीही घाला, पण पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी जेसीबी लावू देऊ नका. पाळ कमजोर होते. खोलीकरणाच्या नावाखाली मुरूम नेणारे तिथूनच सुरू करतात.

पवनीची_सून: तुमचा नाला वैनगंगेला मिळते का, ते पाहा. ऑगस्ट 2020 मध्ये वरून, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, खाली गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले. नदी फुगली की नाल्यातलं पाणी पुढे जायचं सोडून मागे सरकते. तसं असलं तर नाला कितीही रुंद करा, खालची घरं बुडतीलच. तिथं नवीन परवानगीच नको, हे वेगळं लिहा. धान्याच्या कोठ्या अन् कागदपत्रं उंचावर ठेवायची सवय तर आम्हाला लागूनच गेली.

धानवाला: नाला सुरनदीत जाते, ती पुढे वैनगंगेत. बरं, प्लॉट घेतलेले लोकही आपलेच आहेत, त्यांच्याविरुद्ध लिहिल्यासारखं होईल ना?

जुना_पटवारी: त्यांच्या सह्या आधी घ्या. पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरणार आहे. एकेकाची हरकत वेगळी द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला या म्हणतील तेव्हा दोघं-चौघं नक्की जा. मुदत जाहिरातीत पाहून घ्या, साधारण 30 दिवस असते.