मदत हवी आहे: जानेवारीत मिनिॲपोलिसला येणाऱ्या आईबाबांना काय काय दाखवावं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

२५ जानेवारीपासून सहा दिवसांसाठी पुण्याहून आईबाबा आणि आठ वर्षांची भाची येत आहेत. आई ६४, बाबा ६९. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात. मुक्काम डाउनटाउनमध्ये, गाडी आहे. तिघेही शाकाहारी. जो तो सांगतो, "मॉल ऑफ अमेरिका दाखव आणि घरात बसव." तेवढ्यासाठी त्यांना इतक्या लांब बोलावलेलं नाही.

१) बर्फातलं नेमकं काय जमेल? २) कपडे तिकडून आणायला सांगू की इथे घेऊ? ३) गोठलेल्या तळ्यावर न्यावं का? आईने आत्ताच "मुळीच नाही" म्हणून ठेवलंय.

जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं, "मज्जा येईल" एवढ्यावर सोडू नये.

काळा_चहा

आधी कपडे. ते चुकले तर बाकीची यादी वाया.

थर्मल पुण्यातच घ्यायला सांगा, पण सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की तेच अंग गार करतं. पॉलिएस्टर किंवा लोकरीचे दोन-दोन जोड पुरतात. जाड कोट आणि बूट मात्र इथेच घ्या. मिनेसोटा राज्यात कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही.

बूट एक नंबर मोठे घ्या. दोन-तीन मोजे कोंबून घट्ट बूट घातले की पाय उलट जास्त गारठतात, कारण आत ऊब धरायला हवाच उरत नाही. लोकरीचा एकच जाड मोजा आणि आत बोटं हलली पाहिजेत. हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे, म्हणजे एका बोटाची ऊब दुसऱ्याला मिळते. भाचीला स्नो पँट हवीच. ती बर्फात बसणार, लोळणार, आणि जीन्स भिजली की पंधरा मिनिटांत रडारड.

बाबांसाठी बुटावर चढवायच्या खिळ्यांच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्या घ्या. पण दुकानात किंवा म्युझियममध्ये शिरताना दारातच काढायच्या. गुळगुळीत फरशीवर ते खिळे साबणासारखे घसरतात. बाहेर धड चाललेली माणसं लॉबीत पडतात ती यामुळेच.

उत्तरवारा

+१. आता कार्यक्रम. पाहुण्यांच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे एक अख्खा दिवस बाहेर आणि दुसरा अख्खा घरात. त्यापेक्षा रोज जोडी लावा: पाऊण तास बाहेर, लगेच जवळच्याच उबदार जागी दोन तास. मधला गाडीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. जानेवारीत दुपारी सरासरी उणे ५ सेल्सिअस असतं आणि पहाटे उणे १३, म्हणून बाहेरचं सगळं अकरा ते तीनमध्ये उरका. सूर्य सव्वापाचला मावळतो.

पहिली जोडी: मिनेहाहा धबधबा आणि मिनिॲपोलिस इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट. धबधबा ५३ फुटांचा आहे, थंडीत पूर्ण गोठून निळसर पडदा होतो. वरच्या कठड्यावरून बघा. खाली जाणारा जिना हिवाळ्यात बंद असतो. लोक कुंपण ओलांडून उतरताना दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. पायऱ्यांवर बर्फाचा गुळगुळीत थर असतो आणि गुडघ्याला ते परवडणार नाही. म्युझियमला प्रवेश मोफत, सोमवारी बंद. तिथे सुमारे इ.स. ११००चा चोळकालीन नटराज आहे. बाबांना थेट त्याच्यासमोर नेऊन उभं करा.

दुसरी जोडी शेजारच्या सेंट पॉल शहराची. तुमच्या तारखा विंटर कार्निव्हलमध्ये येतात. हा उत्सव १८८६पासूनचा. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने सेंट पॉलला दुसरा सायबेरिया, माणसाने राहायला नालायक, असं म्हटलं म्हणतात. गावकऱ्यांनी उत्तरादाखल बर्फाचा राजवाडाच बांधला. राजवाडा दरवर्षी नसतो, बर्फाची शिल्पं मात्र असतात. दिवस उबदार निघाला तर दुपारपर्यंत नाकं-कान गळायला लागतात, म्हणून कोरून झाल्यावर जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. तिथून कोमो पार्कच्या काचघरात जा (१९१५चं). प्रवेश मोफत, दानपेटीत यथाशक्ती टाका. ताडमाड, नेचे, फुलांचा बाग आणि कोकणासारखी दमट हवा. आई तिथून लवकर हलणार नाही.

काचघराची एक खुबी: गारठलेला कॅमेरा आत नेला की लेन्सवर दव धरतं. बाहेर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि आत गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी उघडा. चष्म्याला मात्र इलाज नाही, पुसत बसायचं.

रानजाई

उत्तरवारा, हे फार कामाचं आहे, धन्यवाद! भाचीला स्केटिंग करायचंय, कधीच केलेलं नाही. आणि तळ्याचं काय?

गोठलेलं_तळं

स्केटिंगसाठी इडाइना उपनगरातलं सेंटेनियल लेक्स पार्क. स्केट भाड्याने मिळतात आणि ऊब घ्यायला आत जागा आहे. आईबाबा काचेतून बघू शकतात. स्केट रोजच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर लहान लागतो. मोजा एकच आणि पातळ. जाड मोज्यात पाऊल आत फिरतं आणि घोटा मुरगळतो. नाडी बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट. बांधून झाल्यावर तिला उभं करा: घोटा आत कलला तर सोडून पुन्हा बांधा. पहिली दहा मिनिटं घसरायचंच नाही, गुडघे वाकवून जागच्या जागी पावलं टाकायची. तोल जातोय वाटलं की अंगाचं मुटकुळं करून कुशीवर पडायचं, मागे हात टेकायचा नाही. मनगटं मोडतात ती हात टेकल्यामुळे. डोक्याला हेल्मेट, सायकलचं असलं तरी चालेल.

आता तळं. आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे असे: पायी जायला किमान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ, स्नोमोबिलला ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०. पांढरट, दुधी बर्फाची ताकद निम्मी धरतात, म्हणून त्याला दुप्पट जाडी हवी. एका जागी ८ इंच भरला म्हणून पन्नास पावलांवर तेवढाच असेल असं नाही. ओढा जिथे तळ्याला मिळतो ती जागा, पुलाखाली आणि हवेचे बुडबुडे सोडणारी यंत्रं असतात तिथे कायम पातळ. जानेवारीअखेर बहुतेक वर्षी शहरातली तळी चालण्याजोगी असतात, पण २०२३-२४चा हिवाळा इतका उबदार गेला की तळ्यावरचे कार्यक्रम रद्द करावे लागले किंवा जमिनीवर हलवावे लागले. त्यामुळे तारीख बघून ठरवू नका, त्या आठवड्याची जाडी विचारा.

गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी बघायची असेल तर तापवलेली खोपटी भाड्याने देणाऱ्यांकडे जा. आत बाकडं, जमिनीला आठ-दहा इंचांची भोकं आणि गॅसचा हीटर. खोपटीत शिरल्यावर आधी झरोका उघडा आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा. गळ टाकणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला परवाना लागतो, बाहेरच्यांसाठी २४ तासांचाही मिळतो. बर्फावर माणशी दोन गळ चालतात. शाकाहारी मंडळींनी नुसतं भोकातलं काळं पाणी बघत चहा प्यावा, त्याचीही गंमत आहे. मासा लागलाच तर हात ओला करून धरा आणि पटकन परत सोडा. बाहेर बर्फावर ठेवलात तर डोळे आणि कल्ले गोठतात, मग सोडून उपयोग नाही.

काळा_चहा

खोपटीबद्दल थोडा असहमत. आठ वर्षांचं मूल अर्ध्या तासात कंटाळतं आणि भाडं सहसा तासांच्या हिशेबाने नसतं. त्यापेक्षा थिओडोर वर्थ पार्कात ट्यूबिंग (टायरमध्ये बसून बर्फाच्या उतारावरून घसरणं) करा, डाउनटाउनपासून दहा मिनिटं. तिथे यंत्राने बर्फ पाडतात, म्हणून कोरड्या हिवाळ्यातही चालतं. फेब्रुवारी २०२४मध्ये क्रॉस-कंट्री स्कीचा वर्ल्ड कप तिथेच झाला. वेळ आगाऊ राखून ठेवा आणि उंचीची अट आधी बघा. टायरमध्ये बसलं की टाचा वर उचलायच्या. पाय रुतवले तर टायर गरकन फिरतो आणि बर्फ थेट तोंडावर.

सुंठसाखर

वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेलं की उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. अशा दिवसासाठी एक बेत राखीव ठेवा: स्कायवे. दुसऱ्या मजल्यावरचे काचेचे बंद पूल, पहिला १९६२चा, आता ऐंशीएक ब्लॉक जोडलेत. तुम्ही डाउनटाउनमध्येच आहात, आईबाबा कोट न घालता जेवायला जाऊ शकतात. मात्र आठवड्याच्या दिवशीच. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बरीच दारं बंद असतात आणि परतीची वाट कुलपामागे जाते.

गथ्री थिएटरची लॉबीही बघा, नाटकाचं तिकीट नसलं तरी चालतं. १७८ फूट बाहेर झेपावलेला पूल आहे, तिथून मिसिसिपी नदी आणि सेंट अँथनी धबधबा दिसतो. लिफ्ट आहे.

आणि खोबरेल तेलाची बाटली इथे दगड होते, ती नका आणू म्हणावं. बाहेर पडताना गालांना आणि ओठांना पेट्रोलियम जेली. हवा कोरडी असल्याने नाकातून रक्त येऊ शकतं, रात्री खोलीत ह्युमिडिफायर लावा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: त्या आठवड्यात बर्फ पडला तर गाडी रस्त्यावर लावू शकते का?

उत्तरवारा

शहराने स्नो इमर्जन्सी (रस्त्यांवरचा बर्फ काढण्यासाठी पार्किंगबंदी) जाहीर केली नसेल तर हो. केली की मिनिॲपोलिसमध्ये तीन टप्पे. पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ मुख्य नेमलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना बंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांची बाजू बंद, पार्कवेवर दोन्ही. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. चुकलात तर दंड वेगळा आणि उचलून नेलेली गाडी सोडवायचे पैसे वेगळे. सेंट पॉलचे नियम निराळे आहेत, कार्निव्हलच्या दिवशी ते स्वतंत्र बघा.

काचेवरचा बर्फ खरवडूनच काढा. कोणी गरम पाणी ओतायला सांगितलं तर ऐकू नका, काच तडकते. धुण्याचं द्रव उणे २० फॅरनहाइटला चालणारं भरा, उन्हाळी असेल तर ते नळीतच गोठतं.

आणि त्यांना घ्यायला विमानतळावर गाडी नेणं नको वाटलं, तर पहिल्या टर्मिनलवरून ब्लू लाइन ही शहरी रेल्वे सरळ डाउनटाउनला येते. फक्त कोट आणि बूट घेऊन तुम्ही आत, सामानाच्या पट्ट्यापाशी जा. फलाटावर पोचल्यावर कोट देऊन उपयोग नाही.